स्वयंपाकघराची शिस्त, वसतिगृहाची शिस्त

गेल्या उन्हाळ्यात फ्रीमाँटमधल्या आमच्या मित्रमंडळींत एक बातमी जरा दबक्या आवाजात फिरत होती. एका घरातली मुलगी कॉम्प्युटर सायन्स नको, बायोलॉजी नको म्हणत चक्क हॉटेल मॅनेजमेंट शिकायला पूर्वेकडच्या एका निवासी कॉलेजात निघाली होती! आर्डनवूडमध्ये त्यांच्याच घरी पॉटलक होता. जेवणं झाल्यावर मुलीच्या आईने माझ्या हातात कागदांचा एक गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही दिवसभर क्लायंटची काँट्रॅक्टं वाचता ना? मग हेही वाचा आणि सांगा, ही हॉटेलची शाळा आहे की सैनिकी शाळा?"

ते त्या कॉलेजचे विद्यार्थ्यांसाठीचे नियम होते. कामाची सवय म्हणून मी ते खरोखरच पहिल्या पानापासून वाचले. वर्गाला पाच मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर. गणवेश इस्त्रीचा. दाढी रोज. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, साधी लग्नाची अंगठी सोडली तर हातात दागिना नाही. सुऱ्यांचा संच पिशवीत बंद करूनच न्यायचा; उघडी सुरी घेऊन आवारात फिरणं हा थेट बडतर्फीपर्यंत जाऊ शकणारा गुन्हा. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, स्वयंपाक शिकवणाऱ्या या कॉलेजच्या वसतिगृहात खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई!

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पुण्यात खाणावळींच्या पाट्या वाचत दिवस काढलेले आहेत. पानात टाकू नये, वेळेनंतर वाढले जाणार नाही, हात धुऊन बेसिन अडवू नये... त्यामुळे अन्नाच्या जागी नियम असतात याचं आपल्याला नवल नाही. पण हे नियम वाचताना मला जाणवलं की यात दोन वेगळ्या घराण्यांचे नियम एकाच बैठकीत गात आहेत. एक घराणं स्वयंपाकघराचं आणि दुसरं वसतिगृहाचं. या दोन्हींचा इतिहास शोधत गेलो, तर तो स्वित्झर्लंडहून थेट कोल्हापूर-साताऱ्यापर्यंत आला. तो सांगावा म्हणून हा लेख.

स्वयंपाकघराचं घराणं तसं सरळ आहे. ऑग्युस्त एस्कॉफिये या फ्रेंच आचाऱ्याने १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी स्वयंपाकघर चालवलं होतं. पुढे १८९०मध्ये सेझार रिट्झबरोबर तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला, तेव्हा त्याने भटारखान्याची पलटणीसारखी मांडणी केली. सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, भाजीवाला वेगळा आणि सगळ्यांवर एक शेफ. त्या काळी आचाऱ्यांनी भट्टीसमोर दारू ढोसणं आणि एकमेकांना शिव्या घालणं ही रीतच होती. एस्कॉफियेने दोन्ही बंद केलं आणि तहानेसाठी जवाचं पाणी ठेवलं. आज जगभरच्या किचनमध्ये 'येस शेफ' ऐकू येतं त्याचं मूळ हे. (इतकी शिस्त लावणाऱ्या या जोडगोळीला १८९८ साली सॅव्हॉयने हिशेबातल्या गैरव्यवहारावरून काढून टाकलं, हा भाग हॉटेलच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही!) दरम्यान १८९३मध्ये स्विस हॉटेलवाल्यांनी लोझान शहरात हॉटेल व्यवसायाची पहिली शाळा काढली, तीही एका हॉटेलातच.

अमेरिकेत याला लष्कराची आणखी एक फोडणी बसली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना धंदा शिकवायला १९४६मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवन इथे एक पाकशाळा निघाली. तिची पहिली प्रमुख फ्रान्सेस रॉथ ही व्यवसायाने वकील. हीच शाळा पुढे 'सीआयए' झाली. दचकू नका, 'कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका'! १९७२मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या मठात गेली. म्हणजे शिपायांचे नियम आणि मठाची इमारत, मग इस्त्रीच्या घडीवर वाद कोण घालणार? याच संस्थेची कॅलिफोर्नियातली शाखा १९९५पासून नापा खोऱ्यात सेंट हेलेनाला आहे. पाहुणे आले की आपण त्यांना नापाला नेतोच. तिथली ती दगडी, किल्ल्यासारखी दिसणारी इमारत म्हणजे हीच शाखा. फ्रीमाँटहून दीड-दोन तासांवर आहे, पुढच्या खेपेला थांबून बघा.

या घराण्यातल्या बहुतेक नियमांना कारण असतं. नखाखाली जंतू राहतात, अंगठी पिठात पडते, सुरी घेऊन पळणारा दुसऱ्याला भोसकतो आणि पाच मिनिटं उशिरा आलेल्याची कढई करपते. आणि हे नियम शेफलाही लागू असतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वसतिगृहाच्या घराण्याकडे वळायचं तर आपल्याला कोल्हापूरला जावं लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेत प्रवेश मिळणं एक वेळ सोपं होतं. जेवायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. ओळखीचं घर नाही, खाणावळीत जात आडवी येणार. राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमकं हेरलं आणि १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहू लागली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची वेगवेगळी. आज आपल्याला हे विचित्र वाटेल, पण महाराजांचा हिशेब रोकडा होता. आधी मुलगा शहरात टिकू दे, त्याच्या पोटात दोन घास जाऊ देत, बाकीचं मागून बघू. त्यामुळे झालं असं, की प्रत्येक वसतिगृहाची चूल वेगळी आणि चुलीबरोबर सोवळ्याचे नियमही वेगळे.

१९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृह सुरू झालं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीच्या नावावरून त्याला 'मिस क्लार्क बोर्डिंग' म्हणत. त्या समारंभाला दिगंबर जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला होता. वय एकविसाच्या आसपास, अभ्यासात बेताचा, कुस्तीत रमणारा. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच आत ये आणि जेवायला बस. त्याने नकार दिला. बोर्डिंगचे सुपरिटेंडेंट अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्याला नियमभंगाबद्दल वसतिगृहातून काढून टाकलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगौंडा पाटील, पुढचे कर्मवीर!

लठ्ठ्यांना खलनायक करण्याचा मोह इथे होतो, पण तो आवरायला हवा. लठ्ठे त्या काळातले उच्चशिक्षित सुधारक. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि शाहू महाराजांचं चरित्रही त्यांनी लिहिलं. असा माणूससुद्धा अधीक्षकाच्या खुर्चीत बसला की 'नियम म्हणजे नियम' म्हणतो, यातच वसतिगृहाच्या शिस्तीची सगळी मेख आहे. आंघोळीचा नियम दिसायला स्वच्छतेचा होता. पण तो मुलगा चिखलातून आला असता तर पाय धुऊन भागलं असतं. तो कुणाला भेटून आला, यावर आंघोळ ठरत होती. नियम स्वयंपाकघराचा पोशाख घालून आला होता, आतून तो उच्च-नीचतेचाच होता.

या गोष्टीला एक पुढचा भागही आहे. १९१४मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण गाजलं. त्यात लठ्ठ्यांना गोवायचं होतं आणि त्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहाबाहेर काढलं त्याचा हिशेब चुकता करायची ही आयती संधी. भाऊरावांनी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यापायी कोठडीतला छळ सोसला.

त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचं हॉटेल काढून दिलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 'सत्यसुधारक हॉटेल' हे त्याचं नाव. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून सगळ्यांसमोर चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यावा लागला. हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात ही केस स्टडी यायला हवी असं माझं प्रामाणिक मत आहे. आदरातिथ्य म्हणजे कुणी कुणाच्या हातचं घ्यायचं हा प्रश्न, आणि तो एका कप चहावर इतका स्वच्छ मांडलेला दुसरीकडे सापडणार नाही.

भाऊरावांनी १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात त्यांनी कोल्हापूरचा एक धडा घेतला आणि एक टाकून दिला. वसतिगृह हवं हे घेतलं, जातवार चूल टाकून दिली. मराठा, महार, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सगळी मुलं एका छपराखाली. आणि बोर्डिंगचा मुख्य नियम असा की कामाला कुणालाही माफी नाही. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाणी भरायचं, झाडलोट करायची, शेतात खपायचं. आचारी ठेवला असता तर आचाऱ्याची जात कोणती, हा प्रश्न आला असता. मुलांच्या हाताने भाकरी थापून घेतली आणि तो प्रश्नच उरला नाही. १९२७मध्ये गांधीजी या बोर्डिंगात येऊन गेले, तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

यातलं लक्ष्मीबाईंचं नाव मात्र विसरता कामा नये. भाऊरावांच्या पत्नी, सनातनी वळणाच्या घरात वाढलेल्या. पण या सगळ्या जातींच्या मुलांची आई त्या झाल्या. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने तर मोडलेच, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३०मध्ये त्या गेल्या. आज 'हॉस्पिटॅलिटी' शब्दाभोवती जी पुस्तकं लिहिली जातात त्यातलं एकही त्यांनी वाचलं नसेल!

सातारच्या बोर्डिंगनंतर तीस वर्षांनी, १९५४मध्ये, मुंबईत केटरिंग कॉलेज निघालं. वीर सावरकर मार्गावरचं दादरचं केटरिंग कॉलेज दादर-माहीमच्या मंडळींना सांगायला नकोच. हॉटेलं वाढली म्हणून ते निघालं असं आपल्याला वाटतं, पण उगम वेगळाच आहे. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि स्वातंत्र्यानंतरही धान्याची टंचाई संपेना. १९५० ते ५२ या काळात कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने स्वस्त आणि सकस अन्न देणारी 'अन्नपूर्णा' उपाहारगृहं चालवली. असली उपाहारगृहं चालवायला शिकलेली माणसं हवीत, म्हणून हे कॉलेज. संस्थेच्या लांबलचक नावात शेवटी 'अप्लाइड न्यूट्रिशन' आहे ते याच टंचाईमुळे. पंचतारांकित हॉटेलांची झगमग त्या नावात नंतर शिरली. १९८२मध्ये या प्रकारच्या संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद झाली आणि त्या अन्नखात्याऐवजी पर्यटन खात्याच्या छत्राखाली आल्या. १९८९मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ताज समूहाच्या सहभागाने आणखी एक संस्था निघाली.

मराठी मध्यमवर्गाला या कॉलेजांबद्दल बरीच वर्षं जी अढी होती, तिचं खरं कारण पगार नव्हता. 'मुलगा शिकून काय करणार, तर लोकांची उष्टी काढणार!' हे ते कारण. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला भांडी घासावी लागत, फरशी पुसावी लागे, दुसऱ्याची चादर बदलावी लागे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपण मंडळी एमएसला इथे आल्यावर रूममेटबरोबर फ्रिजवर भांड्यांचं वेळापत्रक चिकटवून जे शिकलो, ते ही मुलं अठराव्या वर्षी शिकत होती.

माझा एक मावसभाऊ १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्याच एका निवासी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात होता. नाव सांगत नाही, कारण तेव्हा असं कॉलेज एकच नव्हतं. सकाळी सात वाजता किचनच्या दारात शेफ सगळ्यांची नखं, दाढी, टोपी तपासायचे. त्याची त्याला कधीच चीड आली नाही. शेफ स्वतःचे हात आधी पुढे करायचे! पण रात्री अकराला हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये हीच तपासणी सीनिअर घ्यायचे. बूट चमकत नाहीत म्हणून जिभेने चाट, टाय नीट नाही म्हणून दोन तास कोंबडा हो, 'गेस्ट' आलाय असं समजून सीनिअरच्या पलंगाशी ट्रे धरून उभा राहा. शब्द सगळे किचनचे: ग्रूमिंग, सर्व्हिस, डिसिप्लिन. तक्रार केली तर रेक्टर म्हणायचे, "अरे, हॉटेलात गिऱ्हाईक याहून वाईट बोलतं, सवय होईल." मावसभाऊ टिकला, आज एका मोठ्या हॉटेलात शेफ आहे. त्याच्या खोलीतला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो परत आला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम तीच, पण रात्री कुणीतरी ॲडमिनचा पासवर्ड वापरत होतं.

१९९९मध्ये महाराष्ट्राने रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. माझ्या दृष्टीने यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक झालं, आणि त्याने टाळाटाळ केली तर रॅगिंगला साथ दिल्याबद्दल त्यालाच जबाबदार धरता येतं. 'सवय होईल' म्हणायची सोय कागदावर तरी संपली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये आदेश दिले, २००७मध्ये राघवन समितीचा अहवाल आला, आणि २००९च्या यूजीसीच्या नियमांनंतर विद्यार्थ्याबरोबर पालकांनीही रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही करायची पद्धत आली. कायद्याने रॅगिंग संपलं असं कुणी म्हणणार नाही, बातम्या अजून येतातच.

अमेरिकेत याला हेझिंग म्हणतात आणि आपलं कॅलिफोर्नियाही त्यातून सुटलेलं नाही. २००५मध्ये इथल्याच चिको शहरात एका विद्यार्थ्याला त्याच्या फ्रॅटर्निटीतल्या मुलांनी बळजबरीने इतकं पाणी पाजलं की तो दगावला. त्यानंतर २००६मध्ये राज्याने कायदा कडक केला आणि डिसेंबर २०२४मध्ये संघराज्याचा कायदाही झाला. त्यानुसार कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात.

पण आपल्या पालकांना चकित करणारा फरक वेगळाच आहे. भारतात आईबापांची सही मागतात. इथे १९७४च्या कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की शिक्षणाच्या नोंदींचा हक्क त्या मुलाचा. फी तुम्ही भरा, पण शिस्तभंगाची नोटीस आली तर कॉलेज तुम्हाला कळवायला बांधील नाही. टॅक्समध्ये मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर, किंवा एकविसाच्या आतल्या मुलाचं दारूचं प्रकरण असेल तर कॉलेज कळवू शकतं. कळवेलच असं मात्र नाही. म्हणून माझा सल्ला असा, की दाढी-नखांची पानं मुलांना वाचू द्या, आपण 'सुनावणी' कुठल्या पानावर आहे ते शोधा. आरोप लेखी मिळतो का, बाजू मांडता येते का, निकालावर अपील आहे का?

हा सुनावणीचा हक्क आकाशातून पडलेला नाही. २५ फेब्रुवारी १९६० रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी इथे अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी जिल्हा न्यायालयाच्या तळघरातल्या उपाहारगृहात गेले, खुर्च्यांवर बसले आणि त्यांनी खायला मागितलं. त्यांना वाढायला नकार दिला गेला. दोन आठवडेही गेले नसतील, तोच त्यांच्यातल्या नऊ जणांना कॉलेजमधून काढून टाकण्यात आलं. नोटीस नाही, सुनावणी नाही, नेमका कोणता नियम मोडला तेही धड सांगितलेलं नाही. कोल्हापूरच्या त्या दुपारपासून बावन्न वर्षं आणि अर्धं जग दूर, पण प्रकरण किती ओळखीचं! कोण कुठे बसला, कुणाबरोबर, आणि कुणी कुणाला वाढायचं.

हे विद्यार्थी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. तोपर्यंत अमेरिकन कॉलेजं स्वतःला आईबापांच्या जागी समजत आणि आईबाप मुलाला घराबाहेर काढताना सुनावणी थोडीच घेतात! ऑगस्ट १९६१मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला काढण्याआधी आरोप सांगावा लागेल आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. 'डिक्सन' नावाने ओळखला जाणारा हा निकाल अमेरिकेतल्या विद्यार्थी-शिस्तीच्या नियमांचा पाया आहे. खासगी कॉलेजांना तो थेट लागू होत नाही, पण आज बहुतेकांच्या नियमावलीत सुनावणीचं प्रकरण असतं.

त्या नऊ जणांच्या नावावरचा बडतर्फीचा शेरा मात्र तसाच राहिला होता. अलाबामाच्या शिक्षण खात्याने तो मे २०१८मध्ये पुसला, अठ्ठावन्न वर्षांनी.